हवाई अंतर

परिपत्रकाच्या चौथ्या पानावर, खालून दुसऱ्या ओळीत आहे:
नवीन प्राथमिक आरोग्य केंद्र
जुन्या केंद्रापासून आठ किलोमीटरच्या आत नसावे.
आणि त्याखाली बारीक अक्षरांत:
अंतर हवाई धरावे.

होनवडी ते करडगाव
नकाशावर पट्टी ठेवली की साडेपाच.
मी तालुक्याचा कनिष्ठ अभियंता,
मला पडताळणीला पाठवलं, कारण
गावाचा ठराव तिसऱ्यांदा आला होता
आणि या खेपेला त्याखाली दोनशे सह्या, एकोणतीस अंगठे.

मोटारसायकलचा काटा शून्यावर येत नाही,
म्हणून आकडा तळहातावर लिहिला: ४१,३०७.
आशाताई गंगासागर मागं बसली,
मांडीवर रजिस्टर, रजिस्टरवर पदर.
वेशीबाहेर एकानं हटकलं,
काय मोजूलालाव साहेब?
अंतर.
ते तर आम्हाला पाठ हाय की.

लेंडी लागली तिथं रस्ता संपला.
पल्याड करडगावचं केंद्र दिसत होतं,
पिवळी भिंत, पाण्याची टाकी,
दोरीवर वाळत घातलेली हिरवी चादरसुद्धा.
हाक मारली असती तर
कंपाउंडरनं मान वर करून बघितलं असतं.
आता गुडघाभर पाणी हाय, गंगासागर म्हणाली,
आषाढ ते दसरा इचारू नका.

मग पुलाकडनं गेलो,
फाट्यावरून, खडी क्रशरच्या धुळीतून,
तुराट्यांच्या ढिगांना वळसे घालत.
ती जागा दाखवत आली,
बाजारातली दुकानं दाखवावीत तशी:
हितं मन्मथ स्वामीची सून बाळंत झाली, जीपमधी. पोरगी. जगली.
हितं खाजामियाचं टायर फुटलं.
हितं...
पुढं ती बोलली नाही
आणि मी गाडी हळू केली नाही.

करडगावच्या दारात काटा ४१,३२९.
तळहातावर वजाबाकी केली,
घामानं सातचा आकडा पुसट झाला होता.
बावीस.

डॉक्टर म्हणाले, आमच्या खाटा सहा.
वाढवून मागितल्या तर वरून विचारतात, भरती किती?
भरती कमी, कारण होनवडीचे इथवर पोचत नाहीत.
होनवडीनं नवीन मागितलं तर म्हणतात, करडगाव जवळ आहे.
ते हसले. चहा आला.
चहात आलं फार होतं.

लोकसंख्येचाही रकाना आहे.
दोन हजार अकराची धरायची.
गंगासागरच्या रजिस्टरात त्यानंतरची पाचशे बारा लेकरं,
लसींच्या तारखांसकट.
त्यातलं थोरलं नववीला गेलं
आणि रकान्यात अजून जन्मायचं आहे.

नांदेडला साहेबांनी फाईल चाळली.
नियम वाईट नाही रे, म्हणाले,
नसता तर प्रत्येक पुढाऱ्याच्या गावात एक केंद्र
आणि केंद्राला कुलूप.
खरंच आहे ते.
तशा एका कुलपामागची फरशी माझ्या सहीनं बसली,
प्रसूतिगृहात आता खताची पोती आहेत.
म्हणून मला नियमावर धड रागावताही येईना.

फॉर्मात अंतराला एकच चौकोन.
त्यात ५.५ लिहिलं, कारण तेही खोटं नाही.
अभिप्रायाला दोन ओळी मावतात.
पहिलीत: रस्त्याने २२ कि.मी., थेट वाटेवर पूल नाही.
दुसरीत लिहायला घेतलं
की त्या तिसऱ्या जागी मी गाडी हळू केली नव्हती.
ते खोडलं.
व्हाइटनर वाळेपर्यंत पेन धरून बसलो,
मग सही केली, तारखेसह.

गंगासागरचे दोन मिस्ड कॉल आहेत.
ती एवढंच विचारणार:
काय लिवलाव?